हाताची सफाई

जत्रेत नाणे गायब करणारा जादूगार आपण पाहतो आणि "हाताची सफाई आहे गं," म्हणून पुढे जातो. पण ती सफाई येते कुठून? त्यासाठी आज फ्रान्स देशात जाऊ या.

तिथे ब्ल्वा या गावी 1805 साली झाँ रॉबेर जन्मला. वडील घड्याळे बनवत. पुढे तोही त्याच कामाला लागला. एकदा तो घड्याळांवरचे पुस्तक आणायला गेला, तर दुकानदाराने चुकून जादूच्या खेळांचे दिले. ते त्याने झपाटल्यासारखे वाचले. पण वाचून बोटे थोडीच वळतात? मग गावातल्या एका जाणकाराकडे तो चेंडू झेलायला शिकला. पुढे चार चेंडू हवेत खेळवत तो समोरचे पुस्तक वाचू लागला! भाकरी थापताना आपण गप्पा मारतो, हात आपला फिरत राहतो, तसेच ते. खिशात हात घालूनही तो पत्ते आणि नाणी फिरवत बसे.

इतका सराव केलेल्या या माणसाचा पॅरिसमधला पहिला प्रयोग 3 जुलै 1845 रोजी झाला. तेव्हा वय चाळिशीला टेकलेले. भीतीने तो भराभर, एकसुरी बोलत सुटला. घरी आल्यावर ठरवले, आता हे बंद. भेटायला आलेला मित्र म्हणाला, बरे केलेस, हे होणारच होते. ते शब्द इतके झोंबले, की त्याने पुन्हा पडदा उघडला. पण नुसत्या रागावर थांबला नाही. आपली चूक ओळखून तो शांतपणे बोलू लागला. पुढच्याच वर्षी, डोळे बांधलेला त्याचा मुलगा प्रेक्षकांच्या हातातल्या वस्तू ओळखतो, हा खेळ पाहायला गर्दी लोटली. रॉबेर-उदँ हे त्याचे नाव गाजले. तरी आत्मचरित्रात त्याने ही फजिती लपवली नाही.

आम्ही पहिल्यांदा माइकसमोर बसलो, तेव्हा बचत गटातली एक मावशी म्हणाली, "बायांनो, काय बोललात, एक अक्षर कळलं नाही." आम्ही दोन दिवस रुसलो. मग रेकॉर्डिंग ऐकले. मावशीचेच खरे होते. तेव्हापासून प्रत्येक भाषण आधी तिला ऐकवतो.

टोमणा कोणता आणि कामाची सूचना कोणती, हे तुम्ही कसे ओळखता? गटाच्या पुढच्या बैठकीत बोला आणि आम्हालाही कळवा.