दख्खनमधील दुष्काळ व मोगल स्वारी (१६३०–३२)

अवर्षण आणि मोगल–निजामशाही युद्ध ही एकाच वेळी ओढवल्यामुळे गुजरात, खानदेश व दख्खनमधील रयतेस भोगावी लागलेली अन्नटंचाई व महागाई. पाऊस न पडणे हे तिचे मूळ कारण खरे. तथापि दर आणि उपासमार यांना जे स्वरूप आले, ते लष्कराच्या हालचालींनी आले.

खानजहान लोदी हा मोगल सरदार १६२९ मध्ये बंड करून निजामशाहीच्या आश्रयास आला. त्याच्या पारिपत्यासाठी शाहजहान १६३० च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूर येथे येऊन राहिला आणि त्याची सैन्ये निजामशाही मुलुखात उतरली. बीडच्या परिसरात लढाया झाल्या. १६३१ च्या आरंभी आजमखानाने धारूरचा किल्ला घेतला. दौलताबाद–जालना आणि बीड–धारूर यांच्या मधला, गोदावरीच्या उत्तर तीरावरील टापू, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगाव, जांब वगैरे गावांचा प्रदेश, अशा रीतीने युद्धभूमीच्या कुशीतच होता. अब्दुल हमीद लाहोरी या दरबारी इतिहासकाराच्या ‘बादशाहनाम्या’नुसार बालाघाटात, विशेषतः दौलताबादच्या आसपास, आदल्या वर्षीही पाऊस झाला नव्हता. दुसरे वर्ष कोरडे गेले तेव्हा गावांच्या पेवांत शिल्लक अशी फारशी नव्हतीच.

सैन्यास माणसांच्या धान्याइतकीच जनावरांची वैरण लागे. घोडे, हत्ती, उंट व बैल यांनी गवत व कडबा फस्त केला की शेतकऱ्याचे बैल प्रथम मरत. १६३१ मध्ये परांड्याचा वेढा आजमखानास वैरणीच्या अभावी उठवावा लागला, यावरून मुलुख किती उघडा पडला होता हे दिसते. धान्याची ने-आण वंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर अवलंबून असे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा धान्यवाहू तांडा पाहिला होता. तांडा साहजिकच रोख पैसा आणि संरक्षण मिळेल तिकडे, म्हणजे छावणीकडे वळे. सुरतेहून आग्ऱ्यास जाताना मंडीला वाटेत प्रेते पडलेली दिसली, पण बुऱ्हाणपूरच्या बाजारात मात्र बादशाही लष्करासाठी चोहोकडून आलेला माल भरपूर होता. टंचाई व सुबत्ता यांचे हे शेजारपण आकस्मिक नव्हते. मजुराची मजुरी व बलुतेदाराचे बलुते बहुधा धान्यात मिळे; खळेच झाले नाही तेथे कुंभार-सुताराच्या घरी काहीच येत नसे आणि चढ्या दराने विकत घेण्यास हाती नाणेही नसे.

लाहोरीने लिहिले आहे, की भाकरीसाठी लोक जीव देऊ करीत पण घेणारा नसे, कुत्र्याचे मांस बकऱ्याचे म्हणून विकले जाई आणि पिठात हाडांचा चुरा मिसळला जाई. आश्रयदात्या बादशहाच्या राज्याविषयी असे लिहिणारा लेखक वर्णन फार फुगवील, हे संभवत नाही. शाहजहानने अन्नछत्रे उघडली, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रु. याप्रमाणे २० आठवडे वाटप केले आणि खालसा मुलुखातील सुमारे ७० लक्ष रुपयांचा सारा माफ केला. मात्र छत्रे बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे होती. निजामशाही खेड्यांतील रयतेस त्यांचा काय उपयोग? माफी दिलेला साराही बव्हंशी वसूल होण्याजोगा राहिला नव्हता. दरबारी लेखनात हा दुष्काळ दैवी कोप म्हणून येतो. मराठी वाक्प्रयोग अधिक नेमका आहे, तो म्हणजे ‘अस्मानी-सुलतानी’. याच नावाचे, तसेच ‘परचक्रनिरूपण’ हे रामदासांचे प्रकरण प्रसिद्ध असून त्यांत अन्नवस्त्राचा अभाव व देशांतर यांचे चित्र आहे. रामदासांचा जन्म जांबचा (१६०८). ही प्रकरणे या एकाच दुष्काळाशी जोडणे धाडसाचे ठरेल. पण त्यांतील अनुभव परका नाही. तुकारामांचा व्यापार याच सुमारास बुडाला व त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, अशी परंपरा आहे.

दौलताबाद १६३३ मध्ये पडले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. शेती मात्र लवकर सावरली नाही. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला, तेव्हाही पुष्कळ जमीन पडीक होती. त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याने पळालेली कुळे परत वसविली, उजाड गावांना पाटील नेमले आणि बैल व बियाणे यांसाठी शेतकऱ्यांना तगाई दिली.