कुंडलिकेच्या लाटांची कुळकथा

मुंबई-पुण्याकडच्या कितीतरी जणांनी आयुष्यातलं पहिलं राफ्टिंग कोलाडला केलेलं असतं. पोहता न येणारेही इथे लाइफ जॅकेट घालून राफ्टमध्ये बसतात. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यापर्यंत डोहांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र भर मे महिन्यातही राफ्ट उचलून आपटते. कारण हे पाणी घाटमाथ्यावरून, मुळशीहून येतं.

मुळशीचं खोरं आंबेमोहोर तांदळाचं. तिथे मुळा आणि निळा या नद्यांचं पाणी एकत्र येऊन पुण्याकडे आणि पुढे भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात टाटांनी ते अडवून पश्चिमेला वळवायचं ठरवलं, कारण मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीचा कडा इथे एकदम तुटतो. कड्यावरचं पाणी नळांतून सुमारे 500 मीटर खाली सोडलं, की पायथ्याच्या भिऱ्याला जनित्रं फिरणार होती.

त्यासाठी खोऱ्यातली भातखाचरं, घरं, देवळं बुडणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केलं. बायाबापड्यांनीही तुरुंग भोगला. देशातल्या धरणविरोधी लढ्यांमधला हा अगदी सुरुवातीचा. तो 1924 पर्यंत चालला, पण धरण झालंच. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. जनित्रं फिरवून बाहेर पडलेलं पाणी कुंडलिकेला मिळालं आणि अरबी समुद्राकडे निघालं. पुढे 1980 च्या दशकात त्याच पाण्यावर रवाळजे इथे सरकारी वीजघर उभं राहिलं. तिथून सुटणारं पाणी आज राफ्टिंगच्या कामी येतं.

नवख्यांना ही नदी मानवते, त्यामागे हेच वीजघर आहे. पाणी मोजून सुटतं, त्यामुळे उन्हाळ्यात लाटांचा जोर ठरावीक राहतो आणि गाइडला प्रत्येक खडक पाठ असतो. पाणी बहुधा सकाळी सुटतं, म्हणून राफ्टिंगही सकाळीच. पाणी बंद झालं की तासाभरापूर्वी लाटांखाली असलेले दगड उघडे पडतात.

साजे गावाजवळ राफ्ट पाण्यात घालण्याआधी गाइड सगळ्यांना काठावर उभं करतो. वल्ह्याच्या टोकाच्या मुठीवरचा हात सोडायचा नाही, कारण ती मूठ सुटली तर शेजाऱ्याचे दात जातात. पावलं समोरच्या रबरी नळकांड्याखाली घट्ट रुतवायची. ‘फॉरवर्ड’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वल्हवायचं. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा आणि उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडांत अडकला तर प्रवाह माणसाला खाली दाबतो. राफ्टचा तळ हवेने फुगवलेला असतो आणि त्याच्या कडेने भोकं असतात. लाट आत आली तरी पाणी आपोआप बाहेर जातं. पूर्वीच्या राफ्टमधून ते बादलीने उपसावं लागे.

हे सगळं सांगायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मला मनापासून वाटतं, त्यात आणखी दोन मिनिटं मुळशीची घालावीत. या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले, पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते रोह्याकडच्या शेतीला गेलं, आणि आता कोलाडच्या पोरांना त्यावर रोजगार मिळतो. या सगळ्यांसाठी ज्यांची जमीन गेली, त्यांचं नाव त्या काठावर निघायलाच हवं. वल्हं हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ही लाट कोणाच्या शेतावरून आली, हे ठाऊक असणं हा मुळशीकरांचा हक्क आहे.