दख्खनच्या इमारती आणि चुन्यातील वनस्पतिद्रव्ये

दख्खनमधील मध्ययुगीन इमारतींवर मराठीत आणि उर्दूत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या लेखनाचा भर बांधणारा सुलतान, शिलालेख, कमानी आणि घुमट यांवर असतो. दगड दगडाला कशाने धरून ठेवला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक या प्रश्नाचा काही माग भाषेतच शिल्लक आहे. मराठीतील 'गच्ची' हा शब्द फारसी 'गच' म्हणजे चुन्याचा वा जिप्समचा लेप यावरून आला. 'गिलावा' या शब्दात फारसी 'गिल' म्हणजे माती आहे. विटांच्या भुकटीला 'सुरखी' म्हणतात ते तिच्या लाल रंगामुळे. 'चुना' मात्र संस्कृत 'चूर्ण'पासूनचा. गवंड्याच्या एकाच घमेल्यात दोन्ही परंपरा कालवल्या गेल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

चुनखडी भट्टीत भाजून, पाण्यात विरवून, वाळू किंवा सुरखीसह बैलाच्या घाणीत मळली जाई. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर या घाणीचा गोल चर आणि दगडी चाक आजही पाहावयास मिळते. असा चुना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून हळूहळू दगड बनतो. यास काही महिने, जाड भिंतीत काही वर्षेही लागतात. मधल्या काळात तो आकसतो आणि तडकतो. यावर कारागिरांनी जो उपाय योजला तो स्वयंपाकघराच्या जवळचा होता: गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, भिजवलेल्या उडदाचे बुळबुळीत पाणी, झाडांचा डिंक, तागाचे तंतू. बेलाच्या गरातील चिकट द्रव्य, डिंक, उडदातील प्रथिने आणि तागातील सेल्युलोज यांना आज रसायनशास्त्र नैसर्गिक बहुवारिके म्हणते. (गूळ मात्र बहुवारिक नव्हे, त्यातील शर्करा चुन्याची पाण्यातील विद्राव्यता वाढवते आणि मिश्रण लवचीक ठेवते.) चिकट द्रव्ये पाणी धरून ठेवतात व चुन्याचे स्फटिक बारीक आणि दाट बनू देतात, तर तंतू तडा रुंदावू देत नाहीत. चीनमध्ये हेच काम चिकट तांदळाच्या पेजेने केले. नानजिंगची मिंगकालीन तटबंदी तशा चुन्यात बांधलेली आहे.

याहून जुना पुरावा वेरूळचा आहे. तेथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू व अवशेष मिसळलेले असल्याचे २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकातील शोधनिबंधाने दाखविले. अजिंठ्याच्या गिलाव्यात तशी भांग आढळली नाही आणि तेथे कीटकांचा उपद्रव अधिक झाला, यावरून भांगेमुळे वेरूळचा गिलावा टिकला असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. हा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. तथापि दोन्ही ठिकाणांचा ओलावा आणि नंतरची देखभाल वेगवेगळी होती, हे विसरून चालणार नाही.

वनस्पतिद्रव्यांच्या बाबतीत इतिहासकाराची खरी अडचण येथेच आहे. प्रत्येक जुन्या वास्तूचा वाटाड्या तिच्या चुन्यात अंडी, दूध आणि गूळ घातल्याचे सांगतो. काही ठिकाणी ते खरेही आहे. तमिळनाडूतील चेट्टिनाड घरांच्या गुळगुळीत गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलक वापरला जाई. म्हणून ते दख्खनच्या प्रत्येक मशिदीला व मकबऱ्याला लागू होत नाही. उलट, सेंद्रिय द्रव्य चारशे वर्षांत कुजून जाऊ शकते. म्हणजे प्रयोगशाळेत गूळ सापडला नाही, एवढ्यावरून तो घातलाच नव्हता असेही ठरत नाही. प्रमाण तर बहुधा लिहूनच ठेवलेले नसे. ते उस्तादाच्या हाताला ठाऊक असे आणि शागिर्दाच्या हाती जाई.

ही साखळी तुटली ती सिमेंटमुळे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले गेले, आणि भारतात पोरबंदर येथे १९१४ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. काही तासांत घट्ट होणाऱ्या या पुडीपुढे घाणी आणि बैल टिकणे शक्य नव्हते. त्यात एक विचित्र गोष्ट अशी की, चुन्याला उपकारक ठरणारी साखर सिमेंटला अपायकारक आहे. अगदी अल्प प्रमाणातही ती सिमेंट घट्ट होऊ देत नाही. त्यामुळे वडिलांकडून गुळाच्या पाण्याचे ज्ञान मिळालेल्या गवंड्याला ते नव्या कामात वापरताच आले नाही.

नुकसान केवळ ज्ञानाचे झाले नाही. विसाव्या शतकात अनेक जुन्या वास्तूंची दुरुस्ती सिमेंटने झाली. सिमेंट ओलावा बाहेर पडू देत नाही. तो आत कोंडतो, क्षार साचतात आणि जुना चुना व दगड सुटू लागतात. गोवळकोंड्याच्या पायथ्याशी असलेल्या कुतुबशाही मकबऱ्यांवर आगा खान संस्कृती न्यासाने २०१३ पासून जे जतनकार्य केले, त्यात पूर्वीच्या दुरुस्तीतील सिमेंटचे थर काढून त्या जागी पुन्हा चुन्याचा गिलावा देण्यात आला.