तीन दिवस, दोन टब : समुद्री माशांच्या विलगीकरणाचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी नवा मासा आणला, तर जुन्या माशांत सोडण्याआधी त्याला वेगळं कुठे ठेवायचं? आणि घरात दुसऱ्या टाकीला जागाच नसेल तर काय करायचं? २०२० साली एका खोलीत विलगीकरण कसं करायचं, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी माणसांच्या बाबतीत सोडवला आहे. माशांच्या बाबतीत तो शंभरेक वर्षं जुना आहे.

आधी आमचीच चूक सांगून टाकतो. दोन खोल्यांच्या घरात आमची एक तीन फुटी टाकी होती. तिच्यात दोन क्लाउनफिश, एक गोबी, दोन डॅमसेल, सगळे तीन वर्षं छान जगलेले. एका शनिवारी आम्ही कोरल ब्यूटी जातीचा छोटा एंजलफिश आणला. दुकानदार म्हणाला, "महिनाभर वेगळा ठेवा." आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन तो थेट टाकीत सोडला. ठेवणार कुठे, ओट्यावर? सहाव्या दिवशी त्याच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले. तिसरा आठवडा संपला तेव्हा टाकीत फक्त गोबी उरला होता. क्लाउनफिशची पैदास तरी केंद्रांमध्ये होते. बाजारातले बहुतेक समुद्री मासे आजही प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात. म्हणजे आमच्या आळसाची किंमत आमच्या खिशाला पडली त्याहून जास्त होती.

तेव्हा आम्ही स्वतःला समजावलं की जागा नव्हती, काय करणार. नंतर जुनी कागदपत्रं वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही सबब फारशी टिकत नाही.

'क्वारंटाइन' हा शब्द चाळीस या आकड्यावरून आला, हे तुम्हाला माहीत असेल. त्याच्याही आधी, १३७७ मध्ये, एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबायला लावलं. तटबंदीचं शहर, आत जागा नाही. म्हणून जवळचं एक ओसाड बेट आणि शेजारचं गाव वापरलं. पुढे व्हेनिसने चाळीस दिवस रूढ केले. या आकड्यांमागे रोगाचं ज्ञान नव्हतं. प्लेग कशाने होतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. रोग लपून राहतो, थोडं थांबलं की उघडा पडतो, एवढा अनुभव होता. किती दिवस थांबायचं हे रोगाच्या चालीवरून ठरवता येण्यासाठी, माशांच्या बाबतीत, विसावं शतक बरंच पुढे सरकावं लागलं.

आता मत्स्यालयांकडे वळू. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये १८५३ साली लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि घराघरात काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. पण समुद्राचं पाणी टिकवणं कठीण होतं. त्यावरचा खरा तोडगा विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी काढला. त्यांनी हाम्बुर्गला आणि मग १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला बांधलेल्या मत्स्यालयांत तळाशी प्रचंड अंधारा हौद असे, वर टाक्या, आणि तेच पाणी पंपाने सतत फिरत राही. समुद्रापासून दूर असलेल्या शहरात समुद्र टिकू लागला. आजची दुकानं बघा, एका रॅकवर तीस कप्पे आणि खाली एकच फिल्टर. ती लॉइडचीच नातवंडं आहेत.

या कल्पनेची एक बाजू मात्र पुढे महागात पडली. तीस कप्पे म्हणजे तीस टाक्या नव्हेत. पाणी एक, तर टाकीही एकच. काचेपलीकडचा मासा शेजारी नसतो, त्याच पाण्यातला घरचाच असतो. दुकानदार "आमच्याकडे हा महिनाभर वेगळ्या कप्प्यात होता" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण त्या वाक्याला अर्थही फारसा नसतो.

हे बंदिस्त पाणी फिरवणाऱ्या मत्स्यालयांमधूनच रोगांची ओळख झाली. १९३१ मध्ये लंडन प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयातल्या माशांच्या कल्ल्यांवरून ई. एम. ब्राऊन यांनी एका सूक्ष्म परजीवीचं वर्णन केलं. हौशी लोक आज त्याला 'व्हेल्वेट' म्हणतात, कारण माशाच्या अंगावर मखमलीसारखी धूळ दिसते. १९३६ मध्ये रॉस निग्रेली यांनी न्यूयॉर्क अ‍ॅक्वेरियममध्ये त्याचं जीवनचक्र तपशिलात मांडलं. ते मत्स्यालय तेव्हा कॅसल गार्डन या जुन्या गोल इमारतीत होतं. मासे येण्याआधी, १८५५ ते १८९० या काळात, त्याच इमारतीत बोटीने आलेल्या स्थलांतरितांची नोंद आणि तपासणी होत असे. योगायोग आहे, पण आम्हाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुसरा रोग आमच्या टाकीत आला तो, समुद्री पांढरे ठिपके. जपानचे सिकामा यांनी १९३७-३८ च्या सुमारास त्याबद्दल लिहिलं होतं. त्याचं आजचं शास्त्रीय नाव, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, ब्राऊन यांनीच १९५१ मध्ये दिलं. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. लहानपणी तिथे काचेला नाक लावून उभे राहिलेले कित्येक जण आज हे व्याख्यान ऐकत असतील. पुढे १९६६ मध्ये निग्रेली आणि रुजिएरी यांनी न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात हाच रोग कसा ठाण मांडून बसला होता याचा अहवाल दिला. विमानं आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्यावर लांबचे मासे दोन दिवसांत पोचू लागले होते. पूर्वी लांबच्या प्रवासात आजारी मासा वाटेतच मरे. आता तो जिवंत पोचू लागला, रोगासकट.

उपाय काय होता? मोरचूद. द्राक्षबागांवर चुन्यात मिसळून फवारतात तेच, कॉपर सल्फेट. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं दोनतीन आठवडे टिकवायचं. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. शिवाय चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे रोज मोजत बसावं लागतं. तरी दगड-वाळू बाहेर काढली की टाकीतच औषध देता येत असे, म्हणून वेगळ्या टाकीची गरज तेवढी तीव्र नव्हती.

ती तीव्र केली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ मध्ये त्यांनी जिवंत खडक, प्रवाळ आणि साधा हवेचा पंप यांवर चालणारी टाकी जगासमोर मांडली. किती सुंदर कल्पना! पण प्रवाळ, शंख, कोळंबी यांना तांबं म्हणजे विष. अशा टाकीत रोग शिरला की औषध घालताच येत नाही. म्हणजे नवा मासा बाहेरच निरखायचा आणि बाहेरच बरा करायचा, याला पर्याय उरला नाही. आज आपण जिला 'रीफ टँक' म्हणतो तिच्याबरोबर विलगीकरणाची सक्ती आली, आणि त्याच काळात घरं मात्र लहान होत गेली.

या कोंडीतून वाट निघाली ती मासे पाळणाऱ्या हौशी माणसांमुळे नव्हे. ती मत्स्यशेतीतून आली. इस्रायलमधल्या ऐलात इथे अँजेलो कोलोर्नी यांनी १९८७ मध्ये या परजीवीच्या जीवनचक्राचा हिशोब मांडला. तो नीट समजून घेऊ, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

परजीवी माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहून खातो. मग गळून पडतो, बहुधा काळोखात, आणि तळाशी किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती पुटी बनवतो. पुटीत तो विभागत राहतो. ती फुटून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि त्यांना एखाद-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पुटी फुटायला किमान तीनेक दिवस लागतात. काही पुट्यांनी ७२ दिवसांपर्यंतही वाट पाहिल्याची नोंद आहे. कोलोर्नी यांचं म्हणणं असं, की मासा दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवा, असं चार वेळा. गळालेला परजीवी जुन्या टाकीत राहतो आणि त्याची पिल्लं निघायच्या आत मासा तिथून गेलेला असतो. औषध नाही, आणि मोठी जागाही नाही. परजीवीला तीन दिवस लागतात, तर आपण त्याच्या आधी उठायचं.

घरी याचा अर्थ तीस लिटरचे दोन प्लास्टिकचे टब, जे न वापरताना एकात एक बसतात. प्रत्येक टबाला हीटर आणि एअरस्टोन. वाळू, दगड काही नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वर जाळी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. एका भरणीला किलोभराहून थोडं जास्त मीठ लागतं, म्हणजे पाच भरण्यांना पाच-सहा किलो. नव्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान आधीच्या पाण्याशी जुळवून घ्यायचं. ७२ तास उलटू द्यायचे नाहीत. सकाळी ऑफिसला जाण्याआधी मासा हलवायचा, आणि हलवताना जुनं पाणी शक्य तितकं कमी जाऊ द्यायचं. रिकामा टब, हीटर, पाइप, जाळी हे सगळं धुऊन गॅलरीत खडखडीत वाळवायचं. फिल्टर पिकायची वाट पाहावी लागत नाही, कारण अमोनिया साठायच्या आत पाणीच बदललेलं असतं. ही सोय कुणी मुद्दाम योजलेली नाही, पण छोट्या घरात तिचीच सर्वांत जास्त मदत होते.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. व्हेल्वेटचं चक्र या हिशोबात बसत नाही. त्याला तांबंच लागतं. कल्ल्यांवरच्या किड्यांना वेगळं औषध. म्हणून बारा दिवस झाल्यावरही आम्ही मासा आणखी दोन-तीन आठवडे टबातच ठेवून निरखतो. या मुक्कामात मात्र फिल्टर हवा, म्हणून एक स्पंज आधीपासून मोठ्या टाकीत पिकवून ठेवतो. तो एकदा टबात गेला की परत टाकीत जात नाही. आणि आणखी एक गोष्ट, लहान घरासाठी फार महत्त्वाची : २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हेल्वेटचे जंतू हवेतल्या तुषारांबरोबर तीन मीटरपर्यंत पोचल्याचं दिसलं. एअरस्टोनचे बुडबुडे फुटतात त्याचेच ते तुषार. टब मोठ्या टाकीला खेटून ठेवला तर विलगीकरण नावापुरतंच उरतं.

एका श्रोत्याने आधीच प्रश्न पाठवला आहे : रोग टाकीत शिरलाच असेल तर? मग त्या ७२ दिवसांचा हिशोब लागू होतो. सगळे मासे बाहेर काढायचे आणि प्रवाळांची टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची. तेवढे दिवस ते सगळे मासे कुठे राहणार, याचं उत्तर आमच्याकडे त्या वर्षी नव्हतं. एकट्या गोबीसाठी आम्ही शेवटी न्हाणीघरात टब मांडला. अडीच महिने सगळ्यांनी बादली घेऊन स्वयंपाकघराच्या मोरीत आंघोळ केली. गोबी अजून आहे.