काढा आणि विरजण यांमधील रात्र

बियरचें नांव काढतांच कांहीं वाचक हें पान उलटतील. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय मद्यपान नसून मनुष्याचा वेळ हा आहे. इंग्लंड-अमेरिकेंत जे गृहस्थ हौसेनें घरीं बियर करितात, त्यांस पोटापाण्याचा उद्योग सांभाळून हें पांच-सहा तासांचें काम एका बैठकींत उरकणें जड जातें. म्हणून त्यांपैकीं कित्येक तें शनिवारीं अर्धें व रविवारीं अर्धें करितात. ही तडजोड आधुनिक दिसते. पण या कामांत मध्यें एक रात्र जाऊं देण्याची रीत फार जुनी आहे. बदलला आहे तो त्या रात्रीचा अर्थ.

प्रथम कृति थोडक्यांत सांगूं. मोड आणून वाळविलेला सातू भरडून ६५ ते ६८ अंश सेंटिग्रेड उष्ण पाण्यांत तासभर ठेवतात. त्यामुळें त्यांतील पिष्टाची साखर होते. गाळून निघालेला गोड काढा हॉप नांवाच्या वेलीच्या कडू फुलांसह उकळतात, निववितात आणि मग त्यांत यीस्टचें विरजण घालतात. कढत दुधास विरजण लावूं नये, हें आपल्या घरांतील लहान मुलीसहि ठाऊक असतें. येथेंहि तोच नियम आहे. काढा निवेपर्यंत थांबणें भाग. आणि निवूं लागलेला गोड काढा म्हणजे सूक्ष्म जंतूंस उघडें आमंत्रणच.

पूर्वीं ही विद्या मुख्यतः गृहिणीच्या हातीं होती. विल्यम हॅरिसन या इंग्रज धर्मोपदेशकानें १५७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनांत, त्याची पत्नी दासींच्या मदतीनें महिन्यांतून एकदां सुमारें २०० गॅलन बियर करी, असें नमूद केलें आहे. उन्हाळ्यांत बियर बिघडते हा सर्वांचा अनुभव होता. कां बिघडते, हें मात्र कोणासच सांगतां येत नव्हतें. म्हणून बव्हेरियांत १५५३ सालीं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळांत बियर करण्यास राजाज्ञेनें बंदी झाली, ती १८५० पर्यंत टिकली.

ब्रुसेल्सच्या आसपास मात्र रात्र ही शत्रु न ठरतां मदतनीस ठरली. तेथील लांबिक नांवाच्या बियरचा उकळलेला काढा पसरट व उथळ हौदांत रात्रभर उघडा ठेवतात. विरजण कोणी घालीत नाहीं. हवेंतील व पिंपांच्या लांकडांतील जंतु तें काम करितात. सकाळीं निवलेला काढा पिंपांत भरतात आणि तो एक ते तीन वर्षें मुरतो. १९०० सालीं स्थापन झालेल्या कांतियों कारखान्यांत ही रीत आजहि चालू आहे, पण तीहि थंडीच्या दिवसांतच.

लुई पाश्चर यानें १८७६ सालीं बियरविषयक ग्रंथ प्रसिद्ध करून, हा बिघाड परक्या जंतूंमुळें होतो असें दाखविलें. १८८३ सालीं कोपनहेगन येथें कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत एमिल हान्सेन यानें शुद्ध यीस्ट वाढविण्याची रीत सिद्ध केली. शीतयंत्रें आलीं आणि मोठ्या कारखान्यांना रात्रीवर विसंबून राहण्याचें कारण उरलें नाहीं. घरगुती बियर मागें पडत चाललीच होती. त्यांत ग्लॅडस्टनच्या १८८० च्या कायद्यानें इंग्लंडांत घरीं बियर करणारासहि परवाना घेणें भाग पडलें. अशा रीतीनें शास्त्र वाढलें तें कारखान्यांत, आणि घरांतील विद्या ओसरली.

ती परत आली १९६३ सालीं, इंग्लंडांतील तें बंधन उठल्यावर. अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें तशीच मोकळीक मिळाली. मात्र आतांचा हौशी मनुष्य काम दोन दिवसांत विभागतो तें कारण जाणून. उकळण्यापूर्वीं काढा रात्रभर कोमट राहिला, तर धान्यावरील जंतु तो आंबवून टाकतात. म्हणून तो आधीं चांगला तापवून घेणें बरें. उकळल्यानंतर थांबणें अधिक सोयीचें: ऑस्ट्रेलियांतील हौशी लोक कढत काढाच जाड प्लॅस्टिकच्या डब्यांत काठोकाठ भरून डबा घट्ट बंद करितात, व थंड पाण्याचा खर्च वांचवितात. पण उकळण्यानें बॉट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचीं बीजें मरत नाहींत, आणि त्यांना रोखण्याइतका आंबटपणा काढ्यांत नसतो. यास्तव असा डबा आठवडे न ठेवतां दुसरे दिवशीं विरजण लावणेंच शहाणपणाचें.

यंत्रानें काढून टाकलेली रात्र घरानें अशी परत घेतली आहे. हॅरिसनच्या पत्नीस काय करावें हें ठाऊक होतें; आजच्या गृहस्थास तें कां करावें हेंहि ठाऊक आहे. तिचें ज्ञान हातांत होतें, म्हणून हात थांबतांच तें लोपलें. कारणासह लिहिलेली विद्या मात्र शंभर वर्षांच्या खंडानंतरहि पुन्हां घरांत येऊं शकते. आपल्या स्वयंपाकघरांतील पुष्कळ विद्या अजून केवळ आजीच्या हातांत आहेत. त्यांचा खंड पडण्यापूर्वीं त्यांची कारणें टिपून ठेवणें आपल्या हातीं आहे.