राजदरबार आणि पोलादाची भट्टी : आडोल्फ मेन्त्सेल यांची चित्रसृष्टी

एकोणिसाव्या शतकातील जर्मन चित्रकार व रेखाटनकार आडोल्फ मेन्त्सेल (१८१५–१९०५) यांची ख्याती प्रामुख्याने प्रशियाच्या राजघराण्याचे चित्रकार म्हणून आहे. ही ओळख खोटी नाही. मात्र त्यांच्या कामाचा मोठा भाग तिच्याबाहेर पडतो.

ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांचा शिलामुद्रणाचा व्यवसाय होता. कुटुंब १८३०मध्ये बर्लिनला आले आणि दोनच वर्षांनी वडील वारले. सोळा वर्षांच्या आडोल्फवर छापखान्याची व घराची जबाबदारी पडली. कलाशिक्षण जवळजवळ स्वतःच्याच बळावर झाले. फ्रान्त्स कुग्लर यांनी लिहिलेल्या फ्रेडरिक द ग्रेटच्या चरित्रासाठी १८३९ ते १८४२ या काळात त्यांनी सुमारे ४०० चित्रे काढली आणि ती लाकडी ठशांवर कोरली गेली. त्या काळातील गणवेश, शस्त्रे, खुर्च्या यांचा त्यांनी इतका बारकाईने अभ्यास केला की पुढे ‘बासरीवादन’ (१८५०–५२) हे सान्सूसी राजवाड्यातील मैफलीचे तैलचित्र त्याच शिदोरीवर उभे राहिले.

याच वर्षांत ते स्वतःसाठीही चित्रे काढत होते. ‘सज्ज्याची खोली’ (१८४५) या लहान चित्रात माणूस एकही नाही. वाऱ्याने फुगलेला पडदा, आरसा, दोन खुर्च्या आणि जमिनीवर सांडलेले ऊन, एवढेच. प्रभाववादी चित्रकारांनी हाच प्रकाश पुढे कित्येक वर्षांनी रंगविला. मेन्त्सेल यांनी मात्र हे चित्र दीर्घकाळ आपल्यापाशीच ठेवले.

मार्च १८४८च्या उठावात बर्लिनमध्ये मारल्या गेलेल्या नागरिकांच्या शवपेट्या चौकात ठेवल्या होत्या. तो प्रसंग त्यांनी रंगवायला घेतला. डावा कोपरा रिकामाच राहिला. हे अपुरे चित्र आता हाम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. त्याच चित्रकाराने पुढे पहिल्या विल्हेल्मच्या राज्याभिषेकाचे भव्य दरबारी चित्र पूर्ण केले, ही विसंगती अभ्यासकांना आजही अडते. १८६६च्या युद्धानंतर त्यांनी काढलेल्या मृत व मरणासन्न सैनिकांच्या चित्रांत तर विजयाचा मागमूसही नाही.

‘पोलादाचा रोलिंग कारखाना’ (१८७२–७५) हे त्यांचे सर्वांत धाडसी काम. सायलेशियातील क्योनिग्सह्युट्टे येथील कारखान्यात जाऊन त्यांनी शंभराहून अधिक रेखाटने केली. चित्राच्या मधोमध तप्त लोखंडाशी झुंजणारे कामगार आहेत; एका बाजूला अंग धुणारे, तर उजव्या कोपऱ्यात घाईघाईने भाकरतुकडा पोटात ढकलणारे. कामगारांचे श्रम त्यांनी राजदरबाराइतक्याच गांभीर्याने आणि आकाराने मांडले. बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाने ते १८७५मध्ये विकत घेतले.

रेखाटने ही त्यांची रोजची सवय. दोन्ही हातांनी काढता येई. कोटाच्या खिशांत वह्या-पेन्सिली कायम असत. जेमतेम साडेचार फूट उंचीचा हा अविवाहित गृहस्थ समारंभातही रेखाटत बसे. बहिणीच्या मुलांसाठी त्यांनी पशुपक्ष्यांची चित्रे काढून एक वही भरली, तीही त्याच चिकाटीने. देगा यांनी त्यांच्या ‘नृत्यसमारंभातील भोजन’ (१८७८) या चित्राची स्वतः प्रतिकृती केली होती. १८९८मध्ये त्यांना ‘ब्लॅक ईगल’ हा सर्वोच्च प्रशियन सन्मान मिळाला. ९ फेब्रुवारी १९०५ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शवपेटीमागून सम्राट दुसरा विल्हेल्म चालला होता.