दर्या आणि दऱ्या : पडद्यावरील मराठी अक्षरांची हकीकत



मालवणापुढें दर्या पसरलेला आहे आणि आंबोलीच्या घाटाखालीं दऱ्या आहेत. हे दोन शब्द अर्थानें व उच्चारानें अगदीं भिन्न. पहिल्यांत ‘द’वर आघात येतो, दुसऱ्यांत तो येत नाहीं. लिहितांना मात्र भेद एवढाच कीं, एकांत ‘र’चा रफार होऊन तो डोक्यावर चढतो व दुसऱ्यांत तो आडव्या वळणदार रेघेच्या रूपानें ‘य’ला डावीकडून जोडला जातो. संगणकाच्या पडद्यावर हा भेद कित्येकदां पुसला जातो, आणि मग आंबोलीच्या घाटाखालीं समुद्र येतो!

ही झाली एका जोडाक्षराची गंमत. परंतु कित्येक पानांवर सबंध मजकूरच ओळखूं येत नाहीं. कोठें कोरे चौकोन दिसतात, कोठें प्रश्नचिन्हांची रांग, तर कोठें रोमन अक्षरांची खिचडी. पान उघडणारा गृहस्थ म्हणतो, ‘यंत्र बिघडलें.’ वस्तुतः यंत्र बहुधा बिघडलेलें नसतें. ह्या प्रत्येक विकृतीमागें एक निराळा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे नुसत्या लक्षणावरून दोष कोठें आहे याचा अंदाज करतां येतो. आज तोच इतिहास आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. छापखान्यांत अक्षराची आकृति शिशाच्या खिळ्यावरच असे. खिळा शाईंत भिजला कीं तीच आकृति कागदावर उमटे. संगणकाच्या मजकुरांत आकृति नसते. तेथें अक्षराचा केवळ क्रमांक असतो. तो क्रमांक कोणत्या अक्षराचा, हा एक करार. त्या अक्षराचें चित्र ज्या संग्रहांत असतें तो फॉन्ट. आणि अनेक अक्षरें जोडून त्यांचें जोडाक्षर करण्याची रीत ही तिसरी गोष्ट. ह्या तिन्ही गोष्टी लिहिणाराकडे व वाचणाराकडे सारख्या असल्या तरच पान शुद्ध दिसतें. तिहींपैकीं एक जरी चुकली तरी पानाची दुर्दशा होते, आणि ती कशा प्रकारची होते यावरून तिहींपैकीं कोणती चुकली तें कळतें.

अमेरिकेंत १९६३ सालीं ‘आस्की’ नांवाचा करार प्रसिद्ध झाला. त्यांत एकंदर १२८ जागा होत्या, आणि त्या रोमन अक्षरें, अंक, विरामचिन्हें व यंत्राच्या आज्ञा यांच्यासाठीं होत्या. देवनागरीला तेथें थारा नव्हता. आपल्याकडे कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें भारतीय लिप्यांसाठीं संशोधन सुरू झालें. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेनें तें पुढें चालविलें, आणि १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें ‘इस्की’ हा भारतीय लिप्यांचा करार मानक म्हणून प्रसिद्ध केला. ही व्यवस्था शास्त्रशुद्ध होती. परंतु त्याच सुमारास जन्मलेल्या आंतरजालाच्या ब्राउझरांना, म्हणजे पानें उघडून दाखविणाऱ्या साधनांना, ती ठाऊक नव्हती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आंतरजालाची सेवा आपल्या देशांतील सर्वसामान्य जनतेस खुली केली. पुढील कांहीं वर्षांत मराठी वृत्तपत्रें पडद्यावर येऊं लागलीं. मुंबईचा चाकरमानी किंवा अमेरिकेंतला मराठी मनुष्य घरचें वर्तमान वाचण्यास आतुर होता. देवनागरी मात्र ब्राउझरला येत नव्हती. तेव्हां एक युक्ति निघाली. रोमन अक्षराचा क्रमांक तोच ठेवावयाचा, आणि फॉन्टांत त्या क्रमांकापुढें मराठी अक्षराचें चित्र बसवावयाचें. संगणक समजे कीं आपण रोमन लिहीत आहों. वाचणाराला दिसे मराठी. हें एक प्रकारें दशावतारी सोंग होतें. रंगभूषा आहे तोंवर राजा, ती उतरली कीं नेहमींचा गडी! तो विशिष्ट फॉन्ट ज्याच्या संगणकावर नसेल त्याला केवळ निरर्थक रोमन अक्षरें दिसत. शिवाय प्रत्येक वृत्तपत्राचा व प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा, आणि प्रत्येकाचा क्रमांकांचा मेळही निराळा. चार वृत्तपत्रें वाचावयाचीं तर चार फॉन्ट उतरवून घ्यावे लागत.

यावर १९९७ च्या सुमारास दुसरा उपाय निघाला, तो म्हणजे पानाबरोबरच फॉन्ट धाडण्याचा. परंतु नेटस्केप व इंटरनेट एक्स्प्लोअरर ह्या दोन प्रतिस्पर्धी ब्राउझरांनीं त्यासाठीं दोन निराळ्या रीती स्वीकारल्या. एकासाठीं केलेली सोय दुसऱ्यास चालेना. पुढें २००० सालीं आलेल्या नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तींत ती जुनी सोय उरली नाहीं, आणि काल वाचतां येणारें पान आज वाचतां येईनासें झालें. पानांत एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता. वाचण्याचें साधन तेवढें बदललें होतें.

ह्या गोंधळावरचा खरा उपाय त्यापूर्वींच तयार झालेला होता. जगांतील सर्व लिप्यांना एकच क्रमांकमाला देणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तिच्यांत देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला, आणि त्याची मांडणी मुख्यतः आपल्याच १९८८ च्या ‘इस्की’वरून केलेली होती. १९९२ सालीं केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनीं हे क्रमांक साठविण्याची ‘यूटीएफ-८’ ही रीत बसविली. आज बहुतेक सर्व पानें तिच्यांतच असतात.

तथापि येथेंही एक विकृति संभवते. यूटीएफ-८ मध्यें देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन भागांत साठविलें जातें. पहिला भाग सर्व चिन्हांत तोच असतो; दुसरा दोहोंपैकीं एक; तिसराच काय तो निरनिराळा. आतां हें पान यूटीएफ-८ मध्यें आहे अशी सूचना पानाच्या माथ्यावर नसेल, किंवा ती चुकीची असेल, तर ब्राउझर त्या तीन भागांना तीन युरोपीय अक्षरें समजतो. मग डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दर तिसऱ्या जागीं येतो, आणि त्याच्यामागून चलनाचें एक वर्तुळाकार चिन्ह किंवा जपानी येनचें चिन्ह येतें. अशी नक्षी दिसली कीं खुशाल समजावें, मजकूर बहुधा शाबूत आहे. करार तेवढा चुकीचा लागला आहे.

तिसरी विकृति जोडणीची. हिच्या परीक्षेसाठीं आमच्या जिल्ह्याच्या नांवाहून सोयीचा शब्द क्वचितच मिळेल. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं मालवणच्या कुरटे बेटावर जो जलदुर्ग बांधावयास घेतला, त्याचें नांव १ मे १९८१ रोजीं ह्या जिल्ह्यास मिळालें. ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द संगणकांत साठविला जातो तो उच्चाराच्या क्रमानें. ‘स’ आधीं, ऱ्हस्व वेलांटी मागून. ‘र’ आधीं, ‘ग’ मागून. पडद्यावर मात्र वेलांटी ‘स’च्या डावीकडे उडी मारते आणि ‘र’ रफार होऊन ‘ग’च्या डोक्यावर बसतो. ही उडी मारविण्याचें काम जोडणी करणाऱ्या प्रणालीचें आहे. ती नसली कीं वेलांटी ‘स’च्या उजवीकडे लोंबकळते आणि ‘र’चा पाय मोडलेला राहतो.

विंडोज २००० ह्या प्रणालींत ही जोडणी प्रथम आली. तिच्याबरोबरचा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी ह्या मराठी अक्षरकाराच्या हातचा होता. पुढल्या वर्षीं आलेल्या विंडोज एक्सपीमध्यें ती सोय असूनही मिटलेली असे. मूळ तबकडी घालून जटिल लिप्यांची खूण केल्याखेरीज ती जागी होत नसे, आणि हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक घरांत व कचेऱ्यांत वर्षानुवर्षें मोडकें मराठी वाचलें गेलें. भ्रमणध्वनींवर हीच अडचण पुन्हां उभी राहिली. तेव्हां ऑपेरा मिनी ह्या ब्राउझरानें एक तोड काढली होती. एक गुप्त पान उघडून त्यांत जटिल लिप्यांसाठीं चित्रें वापरण्याची खूण केली कीं दूरच्या यंत्रावर मजकुराचें चित्र तयार होई, आणि तें चित्रच फोनवर येई.

कोरा चौकोन ही याहून साधी गोष्ट. क्रमांक कळला, परंतु त्याचें चित्र फॉन्टांत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ‘ॲडव्होकेट’ शब्दाच्या आरंभींचा ‘ॲ’ युनिकोडांत २००८ सालीं आला. त्यापूर्वींच्या फॉन्टांत त्याच्या जागीं चौकोन दिसतो. मोडी लिपीला २०१४ सालीं स्थान मिळालें, तरी मोडीचा फॉन्ट नसलेल्या संगणकावर आजही चौकोनांचीच रांग उभी राहते.

आतां पुन्हां दर्या आणि दऱ्या यांच्याकडे वळूं. ‘र’, पायमोडकें चिन्ह व ‘य’ हे तीन क्रमांक ओळीनें आले कीं युनिकोडाच्या नियमानें रफारच होतो. मराठींतला दुसरा प्रकार लिहिण्यासाठीं दोन रीती आहेत. एक, मध्यें एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याची. दुसरी, साध्या ‘र’ऐवजीं खालीं टिंब असलेला ‘र’ योजण्याची. दोन्हींचें दर्शन एकच, परंतु आंतील क्रमांक निराळे. त्यामुळें दोन आपत्ति येतात. मजकूर ‘स्वच्छ’ करणारी एखादी प्रणाली अदृश्य चिन्हें झाडून टाकते, आणि आचाऱ्यास दिलेला निरोप आचार्यास जातो. आचऱ्याच्या रामेश्वराचें गांवही वेगळेंच होऊन बसतें. दुसरें असें कीं, जेथें शोध केवळ क्रमांक जुळवून होतो, तेथें एका रीतीनें लिहिलेला ‘किनाऱ्यावर’ हा शब्द दुसऱ्या रीतीनें शोधणाराला सांपडत नाहीं. डोळ्यांना दिसणारा शब्द यंत्र ‘नाहीं’ म्हणून सांगतें. ज्या भाषेंत वारा, किनारा, पायरी, नवरी ह्या नित्याच्या शब्दांना विभक्ति किंवा अनेकवचन लागतांच हें जोडाक्षर येतें, तिच्यांत ही अडचण क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

एवढ्या विवेचनावरून व्यवहारापुरता क्रम सांगतां येईल. पान बिघडलेलें दिसल्यास प्रथम तें पुन्हां उघडावें, मग दुसऱ्या ब्राउझरांत पाहावें. रेघवाला ‘ए’ व चलनचिन्हें दिसलीं तर करार बदलावा. फायरफॉक्समध्यें त्यासाठीं संकेतदुरुस्तीची सोय आहे. चौकोन दिसले तर फॉन्ट बसवावा. वेलांट्या भलतीकडे गेल्या तर प्रणाली जुनी आहे असें समजावें. शुद्ध रोमन अक्षरांचा निरर्थक मजकूर दिसला तर तें जुनें सोंग आहे. त्या फॉन्टाचें नांव शोधून काढावें, म्हणजे त्यावरून मजकुराचें युनिकोडांत रूपांतर करतां येतें. नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगेला मात्र बहुधा वाचणाराकडे उपाय नसतो. देवनागरी ज्यांत मावत नाहीं अशा संग्रहांत कोणीतरी मजकूर ओतला, आणि न मावलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागीं यंत्रानें प्रश्नचिन्ह ठेवलें. तेथें मूळ क्रमांकच नष्ट झालेले असतात. पान ठेवणाराला कळवून मूळ प्रत मिळवावी, हाच मार्ग.

आमच्याच जिल्ह्यांतील देवगड तालुक्यांत पोंभुर्ले हें गांव आहे. तेथील बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस ‘दर्पण’ पत्र सुरू केलें. एका रकान्यांत मराठी व शेजारीं इंग्रजी अशी त्याची मांडणी होती. त्या छापील मजकुराला आतां पावणेदोनशेंहून अधिक वर्षें झालीं, तरी साक्षर मनुष्य तो आजही वाचूं शकतो. त्याला कोणताही फॉन्ट लागत नाहीं. उलट १९९९ सालच्या एखाद्या मराठी दैनिकाचें पडद्यावरचें पान परदेशांतल्या आंतरजालाच्या संग्रहालयांत अक्षरशः जसेंच्या तसें जपलेलें असलें, तरी त्याचा फॉन्ट हरवला असेल तर आपल्यापुढें रोमन अक्षरांची निरर्थक रास येते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचें लेखन दोन शतकांपूर्वींच्या लेखनाहून दुर्बोध व्हावें, ही स्थिति विचार करावयास लावणारी आहे.

तेव्हां ज्या वाचनालयांत, शाळांत व मासिकांच्या कचेऱ्यांत त्या काळचे मजकूर जुन्या संगणकांवर पडून आहेत, तेथील मंडळींनीं ते संगणक भंगारांत देण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. मजकुराबरोबर त्याचा फॉन्टही नक्कल करून ठेवावा. आणि तो फॉन्ट ओळखणारीं माणसें आहेत तोंवर मजकूर युनिकोडांत आणून एकदां डोळ्यांखालून घालावा. रूपांतर यंत्र करील. दर्या कोठें आणि दऱ्या कोठें, हें पाहावयास अखेर मराठी जाणणारा माणूसच लागेल.